पाहुण्याचं नाव विचारा!

खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणाऱ्या माणसाला एक दिवस हमखास धक्का बसतो. विकत आणलेले असतात दोन क्लाउनफिश आणि चार दगड, पण काचेच्या आत फिरत असतं तिसरंच कुणीतरी! कधी केसाळ अळी, कधी न लावलेलं फूल, तर कधी रात्री नुसताच 'टक टक' आवाज. मग घरात पहिला प्रश्न येतो, "हे मारायचं कसं?" माझं स्पष्ट मत आहे की पहिला प्रश्न "हे आहे कोण?" हाच असायला हवा. आणि हे काही मी भूतदया म्हणून सांगत नाहीये.

आधी हे पाहुणे येतात कुठून ते पाहू. खाऱ्या टँकमध्ये लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही. माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणूही लागतात. ते सच्छिद्र दगडात छान वस्ती करतात, म्हणून शौकीन मंडळी समुद्रातून आलेला 'लाइव्ह रॉक' टाकतात. त्या दगडाच्या भोकाभोकांत अंडी, अळ्या, बारीक खेकडे असे बिनतिकीट प्रवासी लपलेले असतात. (दगडाला चिकटून जिवंत प्रवाळ आलं तर गोष्ट वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे. "सब चलता है" म्हणणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका.)

मुलुंडला माझ्या मामाकडे तीन फुटी टँक आहे. एकदा त्यातल्या दगडावर करंगळीच्या नखाएवढं, तपकिरी, अर्धपारदर्शक फूल उगवलं. थोड्याच दिवसांत एकाची तीन झाली. मामी म्हणाली, "छान दिसतंय की, राहू दे." शेजारचे काका म्हणाले, "ब्लेडने खरवडून टाका." मी म्हटलं, "मामा, थांब. आधी फोटो काढू." फोटो मोठा करून पाहिला, तर लांब, टोकदार स्पर्शकं दिसली. प्लास्टिकच्या काडीने डिवचलं, तर स्वारी क्षणात भोकात गायब! चित्रांशी ताडून पाहिलं आणि नाव सापडलं, एप्टेशिया. म्हणजे एक प्रकारचं समुद्रफूल.

आता गंमत बघा. एप्टेशियाच्या तळव्याचा बारीकसा तुकडा जरी दगडावर राहिला, तरी त्यातून नवीन समुद्रफूल उभं राहतं. काकांचं ब्लेड चाललं असतं तर तिनाची तीस झाली असती! मामीचं ऐकलं असतं तरी त्यांनी आपणहून टँक भरलाच असता, शिवाय शेजाऱ्यांना डंख मारले असते ते वेगळेच. नाव कळलं तसा उपायही कळला. पेपरमिंट कोळंबी हे समुद्रफूल खाते. मामाने दोन आणल्या आणि महिन्याभरात दगड साफ झाला. नाव कळायला एक संध्याकाळ गेली, एवढाच काय तो खर्च.

पण प्रत्येक वेळी चूक एवढ्या स्वस्तात पडत नाही. झोअँथिड नावाचे जीव दिसतात रंगीत बटणांच्या गालिच्यासारखे. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवरसुद्धा ओहोटीला ते सापडतात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. १९७१ मध्ये ते हवाईतल्या अशाच एका जीवापासून वेगळं काढण्यात आलं. नको असलेली 'बटणं' घालवायला लोक काय करतात? दगड उकळत्या पाण्यात टाकतात! विष वाफेबरोबर खोलीभर पसरतं आणि घरातल्या सगळ्यांना धाप, ताप, अंगदुखी सुरू होते. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरच्या टँकमधलं असं प्रवाळ साफ करताना पूर्ण कुटुंबाला रुग्णालयात हलवावं लागलं. मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांनाही तपासणीसाठी न्यावं लागलं. तेव्हा मंडळी, दगड कधीही उकळू नका.

उलटी चूकही होते. केसाळ ब्रिसल वर्म दिसला की लोक चिमटा घेऊन धावतात. त्याचे केस बोटात घुसतात हे खरं, पण बहुतेक ब्रिसल वर्म उरलेलं अन्न आणि मेलेले जीव खाऊन टँक साफ ठेवतात. म्हणजे आपण फुकटच्या सफाई कामगाराला कामावरून काढतो! आणि तो रात्रीचा 'टक टक' आवाज? तो पिस्तूल कोळंबीचा असू शकतो. ती बहुधा आपल्या बिळापुरतं बघते. किंवा मँटिस श्रिंपचा असू शकतो. तो मात्र शंख-खेकडे फोडून खातो. आवाज जवळजवळ सारखाच, निकाल अगदी वेगळा.

कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? टँक रिकामा करा, ब्लीच मारा, संपलं! आपल्या हॉस्टेलवरही असे महाभाग आहेतच. लॅपटॉप अडकला की एरर मेसेज न वाचता थेट फॉरमॅट मारतात. त्यात बिघाडाबरोबर प्रोजेक्ट रिपोर्टही जातो. टँकमध्ये जिवाणू जातात, आणि नंतर वाढलेल्या अमोनियाने मासे.

शिवाय पाहुणा कोण निघेल याचा नेम नसतो. १८८३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे या शास्त्रज्ञाला खाऱ्या टँकच्या काचेवर एक चपटा, काही मिलिमीटरचा ठिपका सरकताना दिसला. तोंड नाही, पोट नाही, डोकं नाही! तोच ट्रायकोप्लॅक्स. पुढे कित्येक वर्षं लोकांनी त्याला दुसऱ्याच प्राण्याची अळी समजून बाजूला ठेवलं. शेवटी १९७१ मध्ये कार्ल ग्रेल यांनी त्याच्यासाठी प्राण्यांचा एक अख्खा नवा संघ मांडला, प्लॅकोझोआ. शुल्झेंनी काच फडक्याने पुसून टाकली असती तर?

ओळखायचं कसं? आपण जर्नल लिहितो तसंच. रात्री टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून बघा, कारण लाल उजेडात बरेच जीव बिचकत नाहीत. पट्टी धरून फोटो काढा. तारीख, जागा, हालचाल, खाणं लिहून ठेवा. उघड्या हाताने शिवू नका. मग जाणकाराला विचारा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. ही मंडळी ओहोटीच्या वेळी जुहूसारख्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन फिरली आणि त्यांनी शेकडो जीवांची नोंद केली. टँकमधल्या जीवांचे भाऊबंद अंधेरीपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि आपण जुहूला जातो पावभाजी खायला!

मी कॉन्व्हेंटवाली. 'सी अ‍ॅनिमोन' शाळेतच पाठ झालं होतं, 'समुद्रफूल' मात्र कॉलेजात आल्यावर भेटलं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात अशा नावांचा खजिना आहे. चिंबोरी, कालवं, निवटी, पाकट... पाकट म्हटलं की शेपटीच्या काट्याला जपायचं, हे तिथल्या पोरांनाही सांगावं लागत नाही. नावातच सूचना असते. ज्याला नाव नाही त्याच्याशी वागायचं कसं, हे कुणालाच माहीत नसतं.

शेवटची एक विनंती. पाहुणा नको असेल तर त्याला खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. टँकमध्ये शोभेला ठेवली जाणारी कॉलर्पा ही शैवाल १९८४ च्या सुमारास मोनॅकोजवळच्या समुद्रात दिसली आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोन्मैल पसरली. जाणकाराच्या ताब्यात द्या, नाहीतर निदान वेगळ्या बरणीत ठेवा.

दारात अनोळखी माणूस आला तर आपण काठी उगारत नाही, आधी "कोण हवंय?" म्हणतो. काचेच्या आतल्या पाहुण्यालाही तेवढं विचारायला काय हरकत आहे?