न गेलेल्या भांडवलाचा धाक

देशी कंपन्यांनी परदेशात कारखाने काढले किंवा विकत घेतले म्हणजे मायदेशातील कामगारांच्या वेतनाचे काय होते, या प्रश्नावर दोन मते घट्ट रुजली आहेत. कामगार चळवळीत रूढ असलेले मत असे की, बाहेर गेलेला प्रत्येक रुपया घरच्या कामगाराच्या तोंडचा घास घेऊन जातो. अर्थशास्त्रज्ञांपैकी बऱ्याच जणांचे मत याच्या उलट, म्हणजे बाहेर वाढणारी कंपनी घरीही वाढते, असे आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे दोन्ही पक्ष गेलेल्या पैशाचा हिशेब मांडत बसतात, आणि वेतनावर खरा दाब पडतो तो जाऊ शकणाऱ्या, पण पुष्कळदा न गेलेल्या, पैशाचा.

पहिल्या मताचा दोष असा की ते भांडवलाला ठरावीक साठा मानते आणि जितके बाहेर गेले तितके घरी उणे, अशी सरळ वजाबाकी करते. वस्तुतः परदेशी गुंतवणूक एकाच जातीची नसते. बाजारपेठ, गिऱ्हाईक किंवा तंत्रज्ञान मिळवण्यासाठी तेच उत्पादन दुसऱ्या देशातही सुरू करणे याला आडवी गुंतवणूक म्हणतात, तर उत्पादनाचे टप्पे सुटे करून त्यांतला जास्त मनुष्यबळ लागणारा टप्पा स्वस्त मजुरीच्या देशात नेणे याला उभी गुंतवणूक म्हणतात. पुण्याच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील एनेपेटाल येथील कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा पैसा बाहेर गेला हे खरे. परंतु ‘पगारवाढ मागाल तर काम जर्मनीला नेऊ’ असे भारत फोर्जच्या मुंढवा येथील कारखान्यातल्या कामगाराला कोणी बजावले असते तर ते हसण्यावारीच गेले असते, कारण जर्मन मजुरी भारतीय मजुरीच्या कैक पटींनी अधिक होती. टाटा स्टीलने २००७ मध्ये वेल्समध्ये कारखाने असलेली कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली तेव्हाही जमशेदपूरच्या कामगाराला वेल्सची भीती दाखवण्याची सोय नव्हती. हिशेबाच्या वहीत सारख्याच दिसणाऱ्या दोन रकमांचा कामगाराशी असलेला संबंध असा मुळातच भिन्न असू शकतो.

दुसरे मत अधिक अभ्यासपूर्ण आहे, आणि म्हणूनच ते अधिक काळजीने तपासले पाहिजे. मिहिर देसाई, फ्रिट्झ फोली आणि जेम्स हाइन्स यांनी अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या आकडेवारीवरून २००९ मध्ये असे दाखवले की, परदेशातील गुंतवणूक १० टक्क्यांनी वाढली की त्याच कंपन्यांची देशांतर्गत गुंतवणूक २.६ टक्क्यांनी वाढते, आणि परदेशातील वेतनखर्च १० टक्क्यांनी वाढला की देशांतर्गत वेतनखर्च ३.७ टक्क्यांनी वाढतो. वजाबाकीचा सिद्धांत यापुढे टिकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण वेतनखर्च म्हणजे वेतन नव्हे. मुख्यालयात अभियंते, वकील आणि व्यवस्थापक वाढले, तर एकूण वेतनखर्च वर जाईल आणि त्याच वेळी यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचा तासाचा दर खालीही येईल. बेरजेत ही गोष्ट दिसणार नाही. शिवाय हा हिशेब बाहेर जाणाऱ्या कंपनीपुरता आहे, तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतले कामगार त्यात येतच नाहीत.

खरा प्रकार जर्मनीतील सीमेन्सच्या प्रकरणात दिसतो. १ मे २००४ रोजी हंगेरी युरोपीय संघात दाखल झाला. त्याच वर्षी जून महिन्यात बोखोल्ट आणि काम्प-लिंटफोर्ट येथील दूरध्वनीच्या कारखान्यांबाबत सीमेन्सने आयजी मेटल या कामगार संघटनेशी करार केला. सुमारे २,००० नोकऱ्या हंगेरीला हलवण्याचा बेत कंपनीने मागे घेतला आणि त्या बदल्यात आठवड्याचे ३५ तासांचे काम ४० तासांवर गेले, पगार मात्र होता तितकाच राहिला, आणि नाताळचा व सुटीचा भत्ता जाऊन त्यांच्या जागी कामगिरीशी जोडलेली रक्कम आली. भत्ते बाजूला ठेवले तरी तासाचा दर साडेबारा टक्क्यांनी उतरला. आता या घटनेची नोंद कुठे सापडते? हंगेरीत गुंतवणूक झाली नाही, म्हणून त्या रकान्यात शून्य. घरच्या नोकऱ्या टिकल्या, म्हणून रोजगाराच्या रकान्यातही घट नाही. दोन्ही पक्षांच्या मोजपट्टीनुसार काही घडलेच नाही, आणि तरीही हजारो घरांत त्याच पगारात आठवड्याचे पाच तास जादा काम आले.

अमेरिकेतील अनुभवही याच दिशेचा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉन्फेनब्रेनर यांनी २००० मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, कामगार संघटना उभी राहत असताना निम्म्याहून अधिक मालकांनी कारखाना पूर्ण किंवा अंशतः बंद करण्याची धमकी दिली होती. संघटना निवडून आल्यावर धमकी प्रत्यक्षात आणणारे तीन टक्क्यांहूनही कमी निघाले.

यावर आक्षेप येईल की हा सारा स्पर्धेचा परिणाम आहे, स्वस्त आयात मालानेही हेच झाले असते. आक्षेपात तथ्य आहे, कारण सीमेन्सचा मोबाइल व्यवसाय खरोखरच मागे पडत होता. तरीही फरक उरतोच. आयातीची झळ मालकाच्या नफ्यालाही बसते आणि कामगाराच्या पगारालाही. स्थलांतराची मुभा मात्र दोघांपैकी एकालाच असते, आणि म्हणून नुकसान कोणी किती सोसायचे हे ठरवताना पारडे आधीच झुकलेले असते. ही मुभा देशाच्या सीमेवर अवलंबूनही नसते. डाइमलर-क्रायस्लर या मोटार कंपनीने २००४ च्या जुलैमध्ये जर्मनीतील सिंडेलफिंगनच्या कामगारांपुढे दक्षिण आफ्रिकेबरोबर खुद्द जर्मनीतल्या ब्रेमेनचेही नाव घेतले आणि वर्षाकाठी ५० कोटी युरोंची बचत पदरात पाडून घेतली. उत्तराखंडातील करसवलतींनंतर पंतनगरचे नाव पिंपरी-चिंचवडच्या वाटाघाटींत का जड झाले, हे यावरून कळावे.

तेव्हा भांडवलाला देशात कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास भारत फोर्जसारख्या विस्तारालाच खीळ बसेल आणि धाक देशांतर्गत मार्गाने चालूच राहील. धमकी तपासता येणे आणि सवलतीच्या बदल्यात मिळालेली हमी टिकणे, या दोन गोष्टींवर जोर हवा. सीमेन्सची हमी दोन वर्षांची होती. कंपनीने २००५ मध्ये मोबाइल विभाग तैवानच्या बेनक्यूला दिला, बेनक्यूच्या जर्मन कंपनीने सप्टेंबर २००६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि काम्प-लिंटफोर्टसह सुमारे ३,००० जणांच्या नोकऱ्यांवर गदा आली. त्याच सुमारास सीमेन्सच्या संचालक मंडळाची ३० टक्क्यांची पगारवाढ गाजत होती. ओरड झाल्यावर ती वर्षभर लांबणीवर पडली.

भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सेवाशर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, पण ज्या गुंतवणूक योजनेच्या जोरावर तो बदल मागितला जातो ती योजना कामगारांपुढे ठेवण्याचे बंधन त्या नोटिशीत नव्हते. परदेशी गुंतवणुकीचे २०२२ चे नियमही कंपनीच्या निव्वळ मूल्याच्या ४०० टक्के ही मर्यादा घालून रकमेकडेच पाहतात. स्थलांतराचे कारण पुढे करून पगार कमी करायचा असेल, तर त्या स्थलांतराचा खर्च-नफ्याचा आराखडा संघटनेच्या हिशेबनिसाला पाहता आला पाहिजे, नोकरीची हमी कारखान्याबरोबर नव्या मालकावरही लागू राहिली पाहिजे, आणि मुदतीआधी ती मोडल्यास कामगारांनी सोडलेले वेतन व्याजासह परत देण्याचे कलम करारातच असले पाहिजे.