बर्फ हिमालयात, हुडहुडी हवेलीत!

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नरोलीचा माणूस हुश्श करतो. चार महिन्यांचा पाऊस, दमणगंगेच्या पाण्याची धास्ती, पाठोपाठ ऑक्टोबरचा उकाडा, हे सारे मागे पडलेले असते. आता पुढचे दिवस सुखाचे! पहाटेचा गारवा, महामार्गालगतचे उबाडियू, परसातल्या वालाच्या शेंगा, संक्रांतीचा तिळगूळ. थंडी आपल्याकडे पाहुणी म्हणून येते आणि पाहुणीसारखेच तिचे स्वागत होते. म्हणूनच कडाक्याच्या थंडीवर आणि बर्फवृष्टीवर आम्ही अग्रलेख लिहितो आहोत हे पाहून काही वाचकांना हसू येईल. नरोलीत काय बर्फ पडणार आहे?

नाही, नरोलीत बर्फ पडणार नाही. पण काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात पडणाऱ्या बर्फाचा नरोलीच्या पहाटेशी थेट संबंध आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी झंझावात भारतात येतात, त्यांच्यामुळे हिमालयात हिमवर्षाव होतो. झंझावात पुढे सरकला, आकाश मोकळे झाले, की त्या गारठलेल्या मुलखाकडून उत्तरेचे वारे सुटतात. ते राजस्थान ओलांडतात, कच्छात नलियाचा पारा खाली आणतात, मग गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रात पोहोचतात. वाटेत आपली हवेली आहेच. म्हणजे दूरदर्शन संचावर मनालीच्या बर्फाची दृश्ये दिसली, की ती आपल्यासाठी नुसती करमणूक नसते. बहुधा दोन-चार दिवस आधी मिळालेली ती सूचना असते. पावसाळ्यात मधुबन धरणातून पाणी सोडल्याची सूचना येते तेव्हा नदीकाठ हलतो. थंडीची सूचना येते तेव्हा मात्र आपण गोधडी डोक्यावर ओढून कूस बदलतो.

समुद्र जवळ असल्याने आपल्याकडे पारा फार उतरणारच नाही, असे म्हणणाऱ्यांनी जुनी नोंद पाहावी. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत सांताक्रूझला किमान तापमान ७.४ अंश होते. सांताक्रूझ तर आपल्यापेक्षा दक्षिणेला आणि समुद्राला अधिक लागून. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील निफाडला पारा २ अंशांच्याही खाली गेला, पानांवरचे दव गोठले आणि द्राक्षबागायतदारांना पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागल्या. निफाड काही हिमालयात नाही. दमणगंगा ज्या नाशिक जिल्ह्याच्या डोंगरांतून उतरते, त्याच जिल्ह्यातले ते गाव आहे.

आता मुद्द्याचे सांगतो. थंडी जिथे नेहमीची, तिथे माणसे तिच्यासाठी घर बांधतात, कपडे शिवतात, लाकूड साठवतात. जिथे ती क्वचित येते, तिथे तिच्यासाठी काहीच तयार नसते. म्हणून उबदार मुलखातला माणूस थंडीच्या तडाख्यात लवकर सापडतो.

हे आपल्या इतिहासालाही ठाऊक आहे. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठी फौज पानिपतावर अडकून पडली होती. पराभवाचे मुख्य कारण तुटलेली रसद आणि उपासमार, यात शंका नाही. पण दख्खनच्या हवेत वाढलेली ती माणसे अपुऱ्या कपड्यांनिशी उत्तरेच्या ऐन हिवाळ्यात अडीच महिने उघड्यावर होती, हेही विसरता येत नाही. शौर्यात कोणी उणे नव्हते. उणी होती ती तरतूद.

ताजे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतील टेक्सासचे घ्या. तिथे आज कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. टेक्सास हा उन्हाचा मुलूख. २०११ च्या फेब्रुवारीतील थंडीत तिथली वीजकेंद्रे बंद पडली, तेव्हाच केंद्रीय यंत्रणांनी अहवाल देऊन यंत्रसामग्री थंडीला तोंड देईल अशी करा, असे सुचवले होते. ते पुरेसे मनावर घेतले गेले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फ आणि थंडीची लाट आली, ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली, नळ फुटले आणि त्या राज्याच्या सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. जगातील सर्वांत श्रीमंत देशात हे घडले! पैसा होता, विज्ञान होते, हवामानाचा अंदाजही होता. नव्हती ती दहा वर्षे आधी करायची तयारी.

आणि थंडी मारते ती केवळ बर्फातच असे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली १३ देशांतील ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तापमानाशी जोडता येणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतांश थंडीचे निघाले आणि त्यांतलेही बरेचसे टोकाच्या नव्हे, तर मध्यम थंडीचे. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. आजोबा पहाटे गेले की घरचे ‘हृदयविकार’ म्हणतात. रात्री पारा कुठे होता, हे कोणी विचारत नाही.

आपल्या हवेलीत तर आणखी एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेत हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी होते. या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. या रुग्णांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगाला गारठा लागला, पाणी कमी प्यायले गेले, की असह्य वेदनांचा झटका येतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तपासणी होते, कार्डे वाटली जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या पाड्यावर मुलाला पांघरायला धड कांबळे नाही, तिथे नुसते कार्ड काय ऊब देणार? खानवेल, दुधनी, मांदोणीकडच्या डोंगराळ भागात गारठा सिल्वासापेक्षा अधिक जाणवतो, हे त्या बाजूला नोकरी केलेल्या आपल्यातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

दुसरा वर्ग कारखान्यांतील कामगारांचा. २००१ साली हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती. दहा वर्षांत ती सव्वा लाखाने वाढली, ती मुख्यतः उद्योगांमुळे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली ही माणसे पत्र्याच्या छपराखाली, एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. बांधकामावरचे मजूर तर ताडपत्रीखाली झोपतात. ते आपले मतदार नाहीत, आपल्या भाषेचे नाहीत, म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा करणे आपल्याला शोभणार नाही. आपल्यातील अनेकांच्या घरभाड्याचे उत्पन्न याच खोल्यांतून येते, हेही स्पष्ट बोललेले बरे.

या खोल्यांतला सर्वांत मोठा धोका थंडीपेक्षाही थंडी घालवण्याच्या उपायात आहे. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपले, की खोलीत कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला गेलेल्या पर्यटकांच्या मोटारी हिमवर्षावात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे मोटारींतच मरण पावली. काही गारठ्याने, तर काही बंद मोटारीत इंजिन चालू ठेवल्याने साठलेल्या या वायूने. बर्फवृष्टीचा इशारा आधी दिलेला होता. रस्ता मात्र कोणी वेळेवर बंद केला नाही. नाताळच्या सुट्टीत मनालीला निघणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. २७ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग नाल्यात सुमारे पाच हजार पर्यटक बर्फात अडकले होते. पोलिसांनी त्यांना सुखरूप काढले म्हणून ती बातमी छोटी राहिली.

आता प्रशासनाकडे वळू. हवामान खात्याचे निकष स्पष्ट आहेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी, तर थंडीची लाट. किनारी ठिकाणी मात्र १५ अंशांपर्यंत पारा उतरला आणि सरासरीपेक्षा तेवढीच घट असली तरी लाट धरता येते. नरोली समुद्रापासून जवळ, दुधनी डोंगरात, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण, दीव आणि आपण एकाच केंद्रशासित प्रदेशात. दमणच्या किनाऱ्याची पहाट आणि दुधनीची पहाट एक नव्हे. एकाच मापाने दोन्ही मोजू नका, इतकेच आमचे म्हणणे.

शिवाय आपली नेहमीची कोंडी आहेच. आपल्या भागाचा अंदाज अहमदाबादच्या हवामान केंद्राकडून, गुजरातच्या पत्रकासोबत येतो. गुजराती वृत्तपत्र वलसाडची थंडी सांगते, मराठी वृत्तपत्र पालघर आणि नाशिकची. मधल्या नरोलीची कोण सांगणार? आपल्याला विधानसभा नाही, लोकसभेत हवेलीचा एकच सदस्य. त्यामुळे जे मागायचे ते ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, आणि वेळेवर मागायचे. पैसा नाही, तरतूद नाही, ही सबब चालणार नाही. २०१२ पासून थंडीची लाट आणि दहिवर या राष्ट्रीय मदतीस पात्र आपत्तींच्या यादीत आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे. पुरासाठी जे खाते जागे होते, तेच थंडीसाठीही आहे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि आजच करण्याजोग्या आहेत.

पहिली, डिसेंबर ते फेब्रुवारी दररोज सकाळी किमान तापमान आणि पुढील पाच दिवसांचा अंदाज नरोलीसह प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहावा. पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल तर पाड्यापाड्यावर ध्वनिक्षेपकावरून सांगावे.

दुसरी, शाळांची सकाळची वेळ इशाऱ्याच्या दिवशी उशिरा करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना द्यावा. दर वेळी वरच्या आदेशाची वाट पाहण्यात लाट येऊन निघूनही जाते.

तिसरी, केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा रात्रनिवारा हवा. सिल्वासाची लोकसंख्या २०११ सालीच लाखाच्या घरात होती. निवारा कुठे आहे हे बसस्थानकावर आणि रुग्णालयाच्या दाराशी ठळक लिहिलेले असावे.

चौथी, सिकलसेल रुग्ण, बाळंतिणी आणि एकटे राहणारे वृद्ध यांची यादी आशा कार्यकर्त्यांकडे तयार असतेच. ब्लँकेटांचे वाटप त्या यादीप्रमाणे आणि नोव्हेंबरमध्ये व्हावे. जानेवारीच्या अखेरीस छायाचित्रासह होणारे वाटप म्हणजे वरातीमागून घोडे!

पाचवी, खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक खोलीला वायुवीजनाची जाळी ठेवावी, असा ठराव ग्रामपंचायतीने करावा.

या पाचांतली शेवटची मागणी सरकारपेक्षा आपल्यालाच लागू पडते, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेल. ती आम्ही मुद्दाम घातली आहे. आपण येथले जुने रहिवासी. १७७९ च्या तहाने पेशवाईने हा मुलूख पोर्तुगीजांना कसा दिला आणि २८ जुलै १९५४ रोजी नरोली कशी मुक्त झाली, हे आपल्या घरांत मुलांना सांगितले जाते. गाव आपले म्हणायचे, तर गावातल्या शेवटच्या खोलीत कोण कुडकुडतो आहे याची चौकशीही आपलीच. मंडळाचे कार्यकर्ते येत्या पंधरवड्यात घरोघर येतील. जुन्या पण धडक्या गोधड्या, स्वेटर, कानटोप्या धुऊन तयार ठेवा. फाटके देऊ नका. दान म्हणजे अडगळ काढणे नव्हे. शेजारी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांचे नाव आणि त्यांच्या औषधांची वेळ कार्यकर्त्याला सांगा. आदल्या वर्षी कोणी पहाटे गेले असेल, तर तेही सांगा.

पाच मागण्यांचे निवेदन तयार आहे. त्यावर प्रत्येक घरातून एक सही हवी, आणि ती उत्तरेत पहिला मोठा बर्फ पडण्याच्या आत हवी. बैल गेला आणि झोपा केला, असे दुसऱ्यांविषयी म्हणणे सोपे असते. यंदा झोपा आधी करू.