पेढीचे दार आणि पडद्यावरचे दार

पूर्वी पेढीवर माणूस ठेवायचा तर त्याला समोर बसवून पारखले जाई. कोणी ओळखीचा मुलाला घेऊन येई. शेठजी त्याचे अक्षर पाहत, दोन हिशेब करून घेत आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा कामाला लागे. त्याचा एक पाय अधू असला तर ते दिसतच असे. पण वह्या लिहायला पाय लागत नाहीत, हेही समजत असे. आता अनेक कुटुंबांच्या पेढ्यांच्या कंपन्या झाल्या आहेत. कंपनीचे संकेतस्थळ आहे आणि त्यावर ‘करिअर’ नावाचे एक पान आहे. अर्ज तिथेच भरायचा. मालक आणि उमेदवार यांची पहिली गाठ आता त्या पानावर पडते, आणि काही उमेदवारांच्या बाबतीत ती पडतच नाही.

ती का पडत नाही, हे समजण्यासाठी दृष्टिहीन माणूस संगणक कसा वापरतो हे पाहायला हवे. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली, एक्सेलवर हिशेब करणारी एखादी दृष्टिहीन तरुणी पडदा पाहत नाही, ऐकते. तिच्या संगणकात ‘स्क्रीन रीडर’ नावाची प्रणाली असते. अशा प्रणालींपैकी ‘एनव्हीडीए’ ही मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ मध्ये तिचे काम सुरू केले. माउस तिच्या उपयोगाचा नाही. ती ‘टॅब’ची कळ दाबत एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाते आणि प्रणाली तिला तिथे काय आहे ते बोलून सांगते.

परंतु प्रणाली वाचते ते डोळ्याला दिसणारे चित्र नव्हे, तर पानामागची संगणकीय मांडणी. रकान्याच्या वर ‘पूर्ण नाव’ असे छापलेले दिसत असले, तरी ते शब्द त्या रकान्याशी आतून जोडलेले नसतील, तर तिला एवढेच ऐकू येऊ शकते : ‘एडिट, ब्लँक’. पुढचा रकाना, पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. त्यात नाव लिहायचे की गावाचे नाव, हे तिने ओळखायचे कसे? जन्मतारखेसाठी उघडणारे कॅलेंडर माउसनेच चालते. शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखून ‘आपण यंत्र नाही’ हे सिद्ध करायचे असते, आणि ती अक्षरे चित्रात असतात. चुकलेल्या रकान्याभोवती फक्त लाल रेघ उमटते. लाल रेघ ऐकू येत नाही. ती मुलगी दोनदा प्रयत्न करते आणि पान बंद करते.

कंपनीत याची नोंद कुठेच होत नाही. न आलेल्या अर्जाची फाईल नसते. तिला नकार कोणी दिला, असे विचारले तर उत्तर ‘कोणीच नाही’ असे येईल आणि ते खरेही असेल. कदाचित त्याच कंपनीचे मालक दरवर्षी अंधशाळेला देणगी देत असतील, तीही मनापासून. जयपूरमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने कृत्रिम पाय मोफत बसवून असंख्य माणसांना चालते केले. ते काम मोठेच आहे. मात्र त्या पायावर उभा राहिलेला माणूस उद्या नोकरी मागायला येईल, तेव्हा त्याच्या समोरचे दार पडद्यावरचे असणार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही.

मराठी पानांना आणखी एक व्याधी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या छपाईच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणे बसवलेली असत. डोळ्याला ‘लेखापाल पाहिजे’ असे दिसते. आत मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. तो टाळण्यासाठी मग जाहिरातीचे चित्रच करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले जाते, आणि स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरे सहसा नीट वाचता येत नाहीत. उपाय फारच साधा आहे. तोच मजकूर चित्राखाली युनिकोडमध्ये टंकित करावा. घरातील वडीलधाऱ्यांनाही तो मोठा करून वाचता येतो.

अडचण दृष्टीपुरती नाही. ‘केवळ फोनवर संपर्क साधावा’ ही ओळ कर्णबधिर उमेदवाराला परत पाठवते. त्याला ई-मेलचा पत्ता हवा. हात थरथरणाऱ्या माणसाला दहा मिनिटांत बंद होणारा अर्ज पुरा करता येत नाही. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे नक्षीदार दिसतात खरी, पण मंददृष्टीच्या माणसाला ती दिसतच नाहीत. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे ‘डब्ल्यूसीएजी’ नावाचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून आहेत. त्यांच्या प्रचलित मध्यम पातळीनुसार साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे. नसेल, तर कंत्राटात लिहून घ्यावे. माल घेताना प्रत लिहून घेतोच ना!

बाजारात एक तयार मलमपट्टीही मिळते : पानाच्या कोपऱ्यात एक चिन्ह बसवायचे, की संकेतस्थळ आपोआप सुगम्य झाले. व्यापाऱ्याने या मालाची पारख नीट करावी. अशा एका कंपनीच्या दाव्यांना दिशाभूल करणारे ठरवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये तिला दहा लाख डॉलर भरायला लावले. रकान्याला आतून नाव जोडण्याचे काम ते चिन्ह खात्रीने करत नाही. ते काम करणाऱ्यानेच करायचे असते, आणि पान बनवतानाच केले तर त्याला फारसा वेळ लागत नाही. नंतर सगळे उकलून करायचे म्हटले, की खर्च दिसू लागतो.

कायदाही आता दूर राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याच्या नियमांनुसार खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते, शक्यतो संकेतस्थळावर. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदे आणि निवडीची पद्धतही सांगावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण बँकांच्या ऑनलाइन ओळखपडताळणीचे होते : डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र सांगे, आणि आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्यांना ते शक्य नव्हते.

करिअरच्या पानावर सर्वांत आधी एक ओळ घालता येते : अर्ज भरताना अडचण आल्यास अमुक व्यक्तीशी ई-मेल, संदेश वा फोनने संपर्क साधावा. तिथे खऱ्या माणसाचे नाव हवे आणि तो ई-मेल रोज उघडला जायला हवा. त्यानंतर एखाद्या दृष्टिहीन जाणकाराला योग्य मेहनताना देऊन पान तपासून घ्यावे. हे काम फुकट मागू नये.

आणि त्याआधी, एखाद्या रविवारी दुपारी, मालकांनी स्वतः माउस बाजूला ठेवावा आणि नुसत्या ‘टॅब’च्या कळीने आपल्याच कंपनीत नोकरीचा अर्ज भरून पाहावा. बोट कितव्या रकान्यावर अडते, ते सोमवारी संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला कळवावे.