पिवळ्या वायरला हात लावायचा नाही

मागच्या महिन्यात धाकटी बहीण तिच्या मुलीला घेऊन आमच्याकडे बार्शीला आली होती. भाचीची दहावी झालेली, गणित-विज्ञानात चांगले मार्क. जेवता जेवता ती म्हणाली, "मावशी, मला गाड्यांचं वायरिंग शिकायचंय." बहिणीने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि माझ्याकडे वळली. "ताई, तूच समजाव हिला. नर्सिंग म्हण, पार्लर म्हण, काहीही म्हण. गॅरेजात पोरीला कोण ठेवून घेणारे?"

पोळी करपली ती करपलीच, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. खरंच, कोण ठेवून घेणार?

आपल्या तालुक्याच्या गावांतली कार डेकोरची दुकानं आठवा. टेप बसवणारे, सेंट्रल लॉक बसवणारे, हॉर्न बदलून देणारे. त्या पोरांपैकी कितीजणांकडे सर्टिफिकेट असेल? बहुतेकजण उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. आधी चहा आणायचा, मग पाना-पक्कड हातात द्यायची, मग दोन वर्षांनी उस्ताद म्हणणार, 'चल, आता तू लाव.' मुलांना ही वाट उघडी असते. दहावी नापास झाला, जा गॅरेजात. मुलीसाठी ही वाट नाही. तिला उस्ताद ठेवत नाही, आणि ठेवलं तरी रात्री दहापर्यंत शेडमध्ये थांबायला आई पाठवत नाही. आईचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. म्हणूनच मुलग्याच्या दुकानात जे सर्टिफिकेट भिंतीवरची शोभा असतं, तेच मुलीच्या बाबतीत आत शिरायचं एकमेव दार होतं.

आता कोणी म्हणेल, हे बायकांचं कामच नाही. अहो, गाडीच्या आत शेकडो वायरींची जी जाडजूड वेणी असते ना, 'वायरिंग हार्नेस', ती विणतं कोण? चाकण-पुण्याकडच्या कारखान्यांत हे काम मोठ्या प्रमाणावर बायकाच करतात. रंग ओळखून वायर लावायची, टोकाला टर्मिनल दाबायचं, कपलरमध्ये अचूक खाचेत बसवायचं. बारीक हाताचं, डोळ्यांचं आणि चिकाटीचं काम. टाटा मोटर्सने तर पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्यांच्या जोडणीची अख्खी लाईन बायकांच्या हाती दिली, पंधराशेच्या आसपास बायका तिथे काम करू लागल्या, हे २०२२ मध्ये वर्तमानपत्रांतून आलंच होतं. म्हणजे कारखान्यात गाडी जोडायला बाईचा हात चालतो. तीच गाडी गावात आली की तिच्यात कॅमेरा बसवायला मात्र चालत नाही! गंमतच आहे.

भाचीच्या हट्टात मला एकच काळजी वाटली, आणि ती वेगळी होती. हा धंदा आता तसा राहिलेला नाही. पूर्वी गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी टेप बसवायला दुकानात न्यायची रीत होती. आता पुष्कळ गाड्यांत स्क्रीन कंपनीतूनच येतो. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या मोटारींना मागे घेताना वाजणारा सेन्सर, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि वेग वाढल्याचा इशारा हे कारखान्यातूनच असणं सक्तीचं झालं. म्हणजे नुसते स्पीकर बसवण्यावर पोट भरेल असं धरून कुणी शिकायला निघालं असेल तर तिने थांबून विचार करावा. काम संपलेलं नाही, पण सरकलेलं आहे. डॅशकॅम, जीपीएस, जुन्या गाडीला मागचा कॅमेरा, बिघडलेले सेन्सर शोधणं, आणि पुढे विजेवरच्या गाड्या.

यातलं जीपीएसचं काम तर थेट आपल्याशीच जोडलेलं आहे. दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर सार्वजनिक वाहनांत बाईला मदत मागता यावी म्हणून काही सोय हवी, ही मागणी जोरात झाली. त्यातूनच नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्राने नियम केला की बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांत गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण असावं. पुढे मुदत वाढत गेली आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या वाहनांना ते लागू झालं. रिक्षा आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या. या यंत्राचं मानक एआयएस १४०. पुढच्या वेळी टॅक्सीत बसाल तेव्हा ते लाल बटण शोधा. सापडलं तर चालकाला विचारा, चालू आहे का? मी एकदा विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "पासिंगपुरतं आहे, ताई." आतली वायर कुणी जोडली, जोडली की नुसती चिकटवली, त्या बटणाचा सिग्नल कुठे जातो, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? बटण आपल्यासाठी, पण ते बसवणारीत आणि तपासणारीत आपण नाही. मला हे जास्त टोचतं.

आता शिक्षणाचं. सरळ रस्ता आयटीआयचा. 'मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, विज्ञान-गणित घेऊन दहावी पास झालेलीला चालतो. तो प्रत्येक आयटीआयत नसतो. जवळ नसेल तर दोन वर्षांचे 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' किंवा 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हे ट्रेड पाहावेत. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि अशा ट्रेडला त्या पुष्कळदा भरतच नाहीत. अखेरच्या परीक्षेनंतर जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं ते देशभर चालतं. त्यावर कंपनीत किंवा शोरूमच्या वर्कशॉपमध्ये अॅप्रेंटिस म्हणून जाता येतं, दरमहा विद्यावेतन मिळतं, शेवटी आणखी एक प्रमाणपत्र. मुलीला घरचे ज्या गॅरेजात पाठवणार नाहीत त्याऐवजी ही शोरूमची वर्कशॉप मला बरी वाटते. ठरलेली वेळ, हजेरी, आणि बायकांचं वेगळं स्वच्छतागृह. शेवटचं आधी स्वतः जाऊन पाहून यावं, फोनवर विचारू नये.

ज्यांचं घरचंच दुकान आहे, नवऱ्याबरोबर चार वर्षं वायर सोलताहेत पण नाव कुठेच नाही, अशा मैत्रिणींसाठीही सोय आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत (ही २०१५ ची) आधीच अंगी असलेलं काम तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे, तिला आरपीएल म्हणतात. वाहन क्षेत्रातल्या कामांचे निकष ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल ठरवते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेच्या टेबलापुढे बसल्यावर 'मी नवऱ्याला मदत करते' या वाक्यापेक्षा हा कागद नक्कीच जड पडतो.

आणि मग खाजगी क्लासेस. इथे मात्र सावध राहा, मी पोळलेय. शेजारच्या शहरातल्या एका क्लासला आम्ही भाचीसाठी चौकशीला गेलो. तीन महिन्यांचा 'डिप्लोमा', चकचकीत पुस्तिका, नोकरीची हमी. पैसे भरायचे तेवढे राहिले होते. भाचीनेच विचारलं, "सर, शिकायची गाडी कुठेय?" सर म्हणाले, प्रोजेक्टरवर दाखवतो. त्या पोरीने मला कोपराने ढोसलं. प्रमाणपत्र कोण देणार, कौशल्य आराखड्यातली त्याची पातळी कोणती, परीक्षा बाहेरचा माणूस घेतो की तुम्हीच, यातल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही. आगाऊ भरलेले चौकशीचे पाचशे रुपये गेले ते गेलेच.

कारण हे काम पडद्यावर पाहून येत नाही. मोटारीत बारा व्होल्टची बॅटरी. ऐकायला किरकोळ, पण शॉर्ट झाली की वायर तापून गाडी पेटायला वेळ लागत नाही. म्हणून बॅटरीजवळच फ्यूज लागतो, जास्त करंट खेचणाऱ्या दिव्यांना रिले लागतो, वायर जुळवून नुसती टेप गुंडाळली की काम झालं असं होत नाही. मल्टिमीटर धरायला हात बसावा लागतो. डॅशकॅमची वायर काचेच्या कडेच्या खांबातून खाली आणताना तिथे पडद्याची एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्यायची. पुढून नेली तर ऐन वेळी ती पिशवी उघडताना अडथळा. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर बहुधा पिवळे असतात, त्यांना टेस्ट लॅम्प कधीच लावायचा नाही. त्या बाजूला काम करायचंच तर आधी बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबायचं. विजेवरच्या गाड्यांत तर नारिंगी केबल. चारचाकीत ती कित्येकशे व्होल्टची असते, वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिच्या जवळही जायचं नाही. हे सगळं मला आमच्या गल्लीतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितलं. तीस वर्षांत त्याने एकाही मुलीला शिकवलेलं नाही. का, विचारलं तर म्हणाला, "कुणी आलीच नाही की!" आली असती तर ठेवली असती का, यावर मात्र तो चहा ढवळत बसला.

बहिणीचा विरोध अजून पुरता मावळलेला नाही. लग्नाच्या बाजारात 'मुलगी गाड्या दुरुस्त करते' कसं सांगायचं, हा तिचा नवा प्रश्न. मी म्हटलं, पगार सांग, बाकी आपोआप कळेल. ती हसली नाही. पण आयटीआयच्या ऑनलाईन अर्जात ट्रेडचा पहिला पसंतीक्रम भाचीने स्वतःच्या हाताने भरला तेव्हा ती शेजारी बसून दहावीची मार्कशीट चष्म्यातून निरखत होती, आणि दुसऱ्या पसंतीच्या रकान्यात नर्सिंग टाकता येईल का, असं तिने दोनदा विचारलं.