लेकराची उंची, आईचा दोष आणि चळवळीचे मौन

"आरक्षणावर घाला येतोय, संविधान धोक्यात आहे आणि तुम्ही मुलांच्या हार्मोनचं काय घेऊन बसलात?" वाढीचे आणि हार्मोनचे आजार असलेल्या मुलांच्या कुटुंबांना आधार द्यावा, असा विषय बैठकीत काढला की हा सवाल हमखास येतो. सवाल करणारे आपलेच कार्यकर्ते असतात, त्यांची तळमळही खरी असते. म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. यातल्या बहुतेक आजारांवर औषध आहे. तरीही आपल्या वस्तीतले मूल त्या औषधापर्यंत पोहोचत नाही, पोहोचले तर फार उशिरा. मध्ये तीन भिंती आहेत: न होणारी तपासणी, आईला दोष देणारी रीत आणि गरिबाच्या रोजच्या औषधाचा विचारच नसलेली व्यवस्था. या भिंती पाडणे हे आंबेडकरी चळवळीचेच काम आहे.

आधी सगळ्यात स्वस्त आजार घेऊ. काही बाळांची थायरॉईड ग्रंथी जन्मापासूनच नीट काम करत नाही. भारतात साधारण हजार ते दीड हजार जन्मांमागे एक बाळ असे असते. म्हणजे लाखभर बाळंतपणांमागे सत्तर ते शंभर बाळे. मेंदूच्या वाढीला हे हार्मोन लागतेच. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन तपासले आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली, तर मूल इतरांसारखेच वाढते, शिकते. ही गोळी एका कप चहापेक्षा स्वस्त आहे. तपासणी झाली नाही तर मात्र बाळ खूप झोपते, फार रडत नाही आणि घरचे कौतुक करतात, 'किती गुणी लेकरू आहे!' मूल वेळेवर बसत नाही, चालत नाही, बोलत नाही हे कळेपर्यंत मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही.

गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती. केरळच्या सरकारी रुग्णालयांतही ती होते. आपल्याकडे २०१३ साली पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरासाठी सुरुवात झाली, पण त्याच्या आजारांच्या यादीत हा थायरॉईडचा आजार ऐच्छिक ठेवला गेला. खासगी रुग्णालयात पैसे भरले की हीच तपासणी होते. म्हणजे एका बाळाचा मेंदू वाचतो, दुसऱ्याचा वाचत नाही, आणि हा फरक बापाच्या खिशावरून जन्माच्या तिसऱ्याच दिवशी ठरतो. विषमता याहून लहान वयात सुरू होऊ शकते का?

दुसरा प्रश्न उंचीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी आढळली. महाराष्ट्राचा आकडा ३५.२ टक्के. अनुसूचित जाती-जमातींमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. यातल्या बहुसंख्य मुलांचा आजार हार्मोनचा नसून भुकेचा आहे, पिढ्यानपिढ्यांच्या अर्धपोटी आयुष्याचा आहे. पण याच गर्दीत ज्यांना खरोखर ग्रोथ हार्मोन कमी पडते ती मुले हरवतात. 'कुपोषण आहे, खायला घाला' एवढे सांगून त्यांना परत पाठवले जाते. घरातही 'आपल्यात सगळे ठेंगणेच' म्हणून विषय संपतो. वर्षानुवर्षे उपाशी ठेवलेल्या समाजाने आपले खुजेपण स्वतःचा स्वभावच मानावे, हा व्यवस्थेचा केवढा मोठा विजय!

त्यातही मुलगी असेल तर आणखी उशीर. मुलाची उंची वाढत नाही म्हटल्यावर पोलीस भरतीच्या काळजीने का होईना, घरचे दवाखाना गाठतात. मुलीची उंची कमी असली तर 'नवराही तसाच बघू' म्हणतात. टर्नर सिंड्रोम हा फक्त मुलींना होणारा जनुकीय आजार. उंची कमी राहणे हे त्याचे ठळक लक्षण. तो अनेकदा पंधरा-सोळाव्या वर्षी, पाळी आली नाही म्हणून तपासायला नेल्यावर कळतो. ग्रोथ हार्मोनचा उपयोग हाडांची टोके जुळून येईपर्यंतच होतो. त्या वयात निदान झाले की हातातली बहुतेक वर्षे निघून गेलेली असतात.

तिसरा आजार टाइप वन मधुमेह. शरीरात इन्सुलिन तयार होणे जवळजवळ बंद होते. मूल सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले करते आणि झपाट्याने वाळते. वेळीच ओळखले नाही तर उलट्या, पोटदुखी, धाप आणि बेशुद्धी. याच वेळी 'बाहेरचं लागलंय' म्हणून कोणी अंगारा लावत बसले, तर ते दोन दिवस जिवावर बेततात. निदान झाल्यावर रोज तीन-चार इंजेक्शने आणि बोट टोचून साखर तपासणे, आयुष्यभर. घरात फ्रिज नाही, आईबाप ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर, मग इन्सुलिन कुठे ठेवायचे आणि संपल्यावर कुठून आणायचे?

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. तो मोठ्या वयातला, या मुलांच्या आजाराहून वेगळा. पण रोजच्या पथ्याची आणि औषधाची शिस्त काय असते ते त्यांच्या अखेरच्या वर्षांत दिसते. त्यांची काळजी घ्यायला डॉक्टर असलेल्या माईसाहेब होत्या. आपल्या वस्तीत ही सगळी जबाबदारी सातवी शिकलेल्या एका आईवर येते आणि वर दोषही तिलाच मिळतो.

आता या दोषाबद्दल स्पष्ट बोलू. 'हिनेच गरोदरपणात काहीतरी खाल्लं', 'हिच्या माहेरचंच रक्त', 'मागच्या जन्मीचं पाप'. ही वाक्ये आम्ही बौद्ध घरांतही ऐकतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याच भिंतीखाली सुनेला पूर्वजन्माचा हिशेब विचारला जातो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. त्यांचा रोख नेमका होता: माणसाचे दुःख त्याच्याच मागच्या कर्माच्या माथी मारले की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात. हार्मोनच्या आजाराच्या बाबतीत हे शब्दशः घडते. दोष आईचा ठरला की तपासणी का झाली नाही, हे सरकारला कोणी विचारत नाही. म्हणून आईला दोष देणारा माणूस नकळत व्यवस्थेची वकिली करत असतो.

आईमुलाचे आरोग्य ही घराची खासगी बाब नाही, हे बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात मांडले होते. कामगार स्त्रियांच्या प्रसूती विधेयकाला पाठिंबा देताना, हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे ते म्हणाले होते. पुढे संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदात पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. आपण मागतो आहोत ती भीक नाही, हे कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

योजना आहेत, पण त्यांच्यात मोठी भोके आहेत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती करून होणाऱ्या उपचारांसाठी आहे, तर हार्मोनच्या आजारात खर्च होतो तो घरी, रोज, वर्षानुवर्षे. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ग्रोथ हार्मोनच्या सिद्ध कमतरतेचा आणि टर्नर सिंड्रोमचा समावेश आहे, ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे. पण गडचिरोलीहून परळला येणे, तिथे राहणे, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवणे याची तरतूद कोण करणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रौढपणी १४७ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंची राहणाऱ्या व्यक्तींचा समावेश आहे. टाइप वन मधुमेह मात्र त्यातल्या २१ प्रकारांत नाही. याच कायद्याच्या ९२व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायदा जाणणाऱ्याला ही भाषा ओळखीची वाटेल. 'टिंग्या', 'बुटक्या' म्हणून हसताना आपणही हे आठवावे.

मग करायचे काय? पहिले काम, मोजणे. १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर या दोन तारखांमध्ये बरोबर सहा महिन्यांचे अंतर आहे. या दोन्ही दिवशी विहारात प्रत्येक मुलामुलीची उंची अनवाणी, भिंतीला पाठ लावून मोजा आणि वहीत लिहा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल साधारण वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. चारपेक्षा कमी वाढले तर त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्या. आजार आहे की भूक, हे डॉक्टर ठरवतील. उत्तर काहीही आले तरी ते आपल्या लढ्याच्याच कामाचे आहे.

दुसरे काम, सोबत. कागद जमवणे, जिल्हा रुग्णालयात बरोबर जाणे, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून 'या मुलाला वर्गात खाऊ द्या, इंजेक्शन घेऊ द्या' हे समजावणे. सीबीएसईने २०१७ साली टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली. इतर शाळांकडेही तेच मागता येते. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला एक हिस्सा साखर तपासायच्या पट्ट्यांसाठी आणि प्रवासभाड्यासाठी बाजूला काढला, तर जयंतीची शान कमी होणार नाही.

तिसरे काम, मागणी. प्रत्येक सरकारी बाळंतपणानंतर थायरॉईडची सक्तीची तपासणी हवी. ग्रामीण रुग्णालयापर्यंत इन्सुलिन आणि पट्ट्या मोफत आणि खंड न पडता मिळाल्या पाहिजेत. स्थलांतरित मुलाला तो जिथे जाईल तिथे औषध मिळाले पाहिजे. यासाठी निवेदने द्या, माहितीचा अधिकार वापरा आणि गरज पडली तर रस्त्यावर या. सोबतीचे काम करताना ही मागणी सोडली, तर सरकार आपल्याच वर्गणीवर निर्धास्त झोपेल.

संविधान वाचवायचे आहेच. पण ते ज्यांच्यासाठी लिहिले गेले, त्यांतले एक लेकरू आज आपल्याच गल्लीत रोज चार वेळा सुई टोचून घेत शाळेत जाते आहे. पुढच्या बैठकीत त्याच्या आईला बोलवा. तिला पुढच्या रांगेत बसवा आणि आधी तिचे ऐका.

जय भीम! जय संविधान!