तापातले वाचन

एखादा सहकारी चार दिवसांच्या आजारपणाच्या रजेवरून परतला, की प्राध्यापकांच्या खोलीतील संभाषणाचा क्रम ठरलेला असतो. ताप किती चढला होता, तोंडाला चव आली का, मऊ भात आणि मेतकुटावर किती दिवस काढले. आणि शेवटी, वेळ कसा घालवला. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ओशाळून दिले जाते. ‘काही विशेष नाही हो, जुनेच पुलं चाळत पडलो होतो.’ मेतकुटाची लाज नाही, विनोदी पुस्तकाची आहे. हेच गृहस्थ एखादी गंभीर कादंबरी दुसऱ्यांदा वाचते, तर ते ‘पुनर्वाचन’ ठरले असते आणि त्यावर चर्चासत्रात एक निबंधही झाला असता.

आमचा आक्षेप या ‘चाळण्या’ला आहे. आमच्या मते साहित्यकृतीची याहून कठोर परीक्षा दुसरी नाही. अंग दुखत असते, चित्त थाऱ्यावर नसते आणि पुढचा विनोद तोंडपाठ असतो. तरीही हसू येते. रहस्यकथेला हे भाग्य लाभत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

जेरोम के. जेरोम यांची ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) ही कादंबरी मुळी अशाच गप्पांनी उघडते. तिघे मित्र प्रकृतीची रडगाणी गात बसले आहेत. निवेदकाने ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचा ग्रंथ वाचून एक वगळता सारे रोग स्वतःला लावून घेतले होते. तो एक आपल्याला नाही, याचा त्याला अपमान वाटला होता. इतक्यात जेवणाची वेळ होते. काही तरी पोटात ढकलले पाहिजे म्हणून तिघे नाइलाजाने मांस, कांदे आणि गोडाकडे वळतात. पहिल्या अर्ध्या तासानंतर आपले अन्नावरून लक्षच उडाले, असे निवेदक सांगतो, आणि ते अशक्तपणाचे लक्षण मानतो. त्या ‘अर्ध्या तासा’ला आम्ही दर वाचनात हसतो. तो कोठे येणार हे ठाऊक असते, म्हणजे हे हसू अनपेक्षिततेचे नव्हे. ते त्या वाक्याच्या गंभीर चेहऱ्याचे आहे. रुग्ण आपली तक्रार प्रामाणिकपणे मांडत असताना त्याच वाक्यात त्याचे ताट रिकामे होत असते.

असे विश्लेषण आमच्या वर्गांत होते का? तेथे ‘विनोदाचे प्रकार सोदाहरण स्पष्ट करा’ एवढेच होते. कोटी, अतिशयोक्ती, उपहास, विडंबन. प्रत्येकी एक उदाहरण आणि पाच गुण. ‘बटाट्याची चाळ’ शिकवताना ‘एक चिंतन’पाशी आवाज गंभीर होतो, जणू तेवढ्यानेच पुस्तक साहित्याच्या पंक्तीत बसले. ‘उपास’मध्ये वजन उतरवू पाहणाऱ्या माणसावर अवघी चाळ आहाराचे परस्परविरोधी सल्ले घेऊन तुटून पडते. त्यातल्या बोलण्याच्या लकबी, त्यांचा वेग, एका सल्ल्याने दुसऱ्याला दिलेला छेद, यांवर तास घेतलेला आमच्या पाहण्यात नाही.

पुलंच्या भक्तांचीही आम्हांला सोबत नको. पाठ वाक्ये एकमेकांना ऐकवून गहिवरणे म्हणजे वाचन नव्हे. ती आरती झाली.

आणि हा प्रश्न केवळ विनोदी म्हणवणाऱ्या लेखकांपुरताही नाही. ‘कोसला’ (१९६३) घ्या. अस्तित्ववाद, परात्मता इत्यादी शब्दांखाली पांडुरंग सांगवीकराचे हसू आम्ही गाडून टाकले आहे. वसतिगृहाच्या दिवसांतला तो थट्टेखोर, तिरकस सूर ज्याने मनमुराद अनुभवला नाही, त्याला मनीच्या मृत्यूपाशी तोच निवेदक कसा उघडा पडतो, हे कसे कळावे?

अभ्यासमंडळांना आमची सूचना साधी आहे. विनोदाच्या प्रकारांवरील तो प्रश्न काढून टाकावा. त्याजागी एक उतारा द्यावा आणि विचारावे: दुसऱ्यांदा वाचताना कोणत्या शब्दापाशी हसू आले, आणि का? उत्तरपत्रिका तपासणे जड जाईल, हे खरे. गाइड छापणाऱ्यांनाही जड जाईल.