खोक्यावर ‘मसाजर’, आत करंट : पहिलं ई-स्टिम यंत्र घेण्याआधी हे समजून घ्या

(हा लेख फक्त 18 वर्षांवरील वाचकांसाठी आहे.)

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुंभिवलीत बसून आज मोबाइलवर काहीही मागवता येतं. ‘ई-स्टिम’ म्हणजे सौम्य विद्युत लहरींनी लैंगिक सुख देणारी यंत्रंसुद्धा. प्रॉडक्टच्या पानावर मात्र बहुतेकदा ‘मसाजर’ किंवा ‘थेरपी युनिट’ असं मोघम नाव दिसतं. हे असं का होतं, आणि त्यात धोका कुठे आहे? सुरुवात आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदरापासून करूया.

कोर्टाने काय म्हटलं?

एका कंपनीने परदेशातून ‘बॉडी मसाजर’ मागवले. कस्टम्सने माल अडवला. हे मसाजर सेक्स टॉय म्हणून वापरले जाऊ शकतात, म्हणून ते अश्लील वस्तूंमध्ये मोडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आधार होता 18 जानेवारी 1964 च्या अधिसूचनेचा. ती अश्लील पुस्तकं, चित्रं आणि वस्तूंच्या आयातीला बंदी घालते. अपीलात न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही कस्टम्सचं अपील फेटाळलं. मसाजरचा असा वापर होईल ही अधिकाऱ्याची निव्वळ कल्पना आहे आणि तेवढ्यावर वस्तू बंदीत बसत नाही, असा निकालाचा सूर होता.

पण नीट बघा. ‘सगळी सेक्स टॉईज कायदेशीर’ असं कोर्टाने म्हटलेलं नाही. वाद इतकाच होता की ही वस्तू अश्लील आहे का. ती अंगाला लावायला सुरक्षित आहे का, हा प्रश्न तिथे आलाच नाही. खरी अडचण इथेच आहे. विक्रेता अश्लीलतेच्या भीतीने वस्तूचा खरा उपयोग लिहीत नाही. उपयोगच लिहिला नाही, तर त्या वापराचे धोके तरी कसे लिहिणार? साधा मसाजर फक्त थरथरतो. ई-स्टिम मात्र शरीरातून करंट पाठवतो. खोक्यावर दोघांचं नाव एकच!

हे चालतं कसं?

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठीला पॅड चिकटवून झिणझिण्या देणारं ‘टेन्स’ मशीन पाहिलं असेल. ई-स्टिमचं तत्त्व तेच. यंत्र सेकंदाला काही ते शंभरेक छोटे पल्स सोडतं आणि एकेक पल्स साधारण 50 ते 250 मायक्रोसेकंदांचा असतो. पल्स इतका लहान असल्यामुळे मज्जातंतू जागे होतात, पण एकूण ऊर्जा कमी राहते. घरातली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची वीज तशी नाही. तिचा दहाएक मिलिअँप करंट लागला तरी स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि छातीतून त्याच्या काही पट गेला तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.

दुसरा मुद्दा पॅडच्या आकाराचा. अशा यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिअँप (आरएमएस) ही सावध होण्याची रेषा आहे. समजा करंट 10 मिलिअँप आहे. 5 बाय 5 सेंटिमीटरच्या पॅडवर तो दर चौरस सेंटिमीटरला 0.4 भरतो. तोच करंट 1 चौरस सेंटिमीटरच्या धातूच्या टोकातून गेला तर 10! म्हणजे रेषेच्या पाचपट, आणि भाजण्याची शक्यता. अर्धवट निघालेलं किंवा सुकलेलं पॅडही हेच करतं.

घरी बनवू का?

पहिलं यंत्र तरी नको. व्हिडिओ पाहून सर्किट जोडता येईलही, पण एखादा पार्ट बिघडला तर पुढे काय होईल याचा विचार त्या व्हिडिओत क्वचितच असतो. मोबाइलच्या ऑडिओला अॅम्प्लिफायर जोडण्याची युक्तीही फिरत असते. अॅम्प्लिफायर बिघडून डीसी करंट बाहेर आला, तर थोड्या करंटनेही पॅडखाली रासायनिक जखम होते. यंत्र स्वस्त चार्जरवर चालत असेल तर तुमच्या आणि भिंतीतल्या 230 व्होल्टच्या मध्ये फक्त त्या चार्जरचं इन्सुलेशन उरतं. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर सर्किट जरूर बनवा, पण ते 500 ओहमच्या रेझिस्टरवर आणि ऑसिलोस्कोपवर तपासा. स्वतःच्या अंगावर नाही.

घेताना काय बघायचं?

• यंत्र बॅटरीवर चालणारं हवं. चार्जिंग चालू असताना अंगाला लावायचं नाही.
• करंट शून्यापासून हळूहळू वाढवता यायला हवा. चालू केल्यावर थेट जुन्या लेव्हलवर उडी मारणारं यंत्र नको.
• कमाल करंट, पल्सची लांबी आणि फ्रिक्वेन्सी माहितीपत्रकात छापलेली हवी. हे आकडेच नसतील तर सोडून द्या.
• टेन्स मशीन म्हणून विकत असतील तर लायसन्स नंबर बघा. अशी उपकरणं 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतात. पण लायसन्स असतं ते दुखण्यावरच्या वापरासाठी, हेही लक्षात ठेवा.

वापरताना काय पाळायचं?

दोन्ही पॅड कमरेच्या खालीच. छाती, मान, डोकं नाही, आणि एक पॅड एका हाताला, दुसरं दुसऱ्या हाताला असंही नाही, कारण मग करंट छातीतून जातो. पेसमेकर, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर वापरूच नका. कापलेल्या त्वचेवर नाही, बधिर करणाऱ्या क्रीमसोबत नाही, दारू पिऊन नाही. पॅड लावताना आणि काढताना यंत्र बंद ठेवा. जोडीदारासोबत असाल तर आधी संमती घ्या, आणि थांबवायचं बटण ज्याच्या अंगाला पॅड आहेत त्याच्याच हातात द्या.

चटका बसला, चक्कर आली किंवा छातीत धडधड झाली तर लाजू नका, डॉक्टरांना खरं कारण सांगा. माल सदोष निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे.

न्हावा शेवात वाद झाला तो वस्तूच्या इभ्रतीवर. तिच्या करंटची चौकशी तिथे कोणी केली नाही, त्यामुळे सध्या तरी ती ऑर्डर देणाऱ्यालाच करावी लागणार. खोक्यावर ‘मसाजर’ दिसलं तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: यातून करंट किती येतो?